गस्तीवरच्या अंमलदारांना नवे फौजदारी कायदे शिकवताना : पोलीस ठाण्यासाठी सविस्तर कार्यपद्धती

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे जुन्या-नव्या कलमांचा तक्ता वाटणे, एवढाच अर्थ उरला. हा तक्ता ठाणे अंमलदाराच्या टेबलावर कामाचा आहे. पण ११२ च्या कॉलवर मोटारसायकलने पोचलेल्या बीट मार्शलला पहिल्या दहा मिनिटांत वेगळ्याच गोष्टी ठरवायच्या असतात : प्रकार दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येते असा) आहे का, समोरच्याला ताब्यात घ्यायचे की नाव-पत्ता घेऊन सोडायचे, बेडी लावता येते का, मोबाईल काढून चित्रीकरण सुरू करायचे का, आणि नोंदीत कोणते शब्द आलेच पाहिजेत. नव्या कायद्यांनी यांतली अनेक उत्तरे बदलली आहेत. म्हणून प्रशिक्षणाची आखणी घटनास्थळावरच्या या निर्णयांभोवती करावी. कलमांचे आकडे त्या ओघात आपोआप लक्षात राहतात.

पायरी १ : आधी स्वतःच्या ठाण्याची नोंद काढा

मागच्या तीन महिन्यांचे गुन्हा रजिस्टर, अदखलपात्र गुन्ह्यांचे रजिस्टर आणि ११२ च्या कॉलची यादी समोर घ्या. एक उपनिरीक्षक आणि एक लेखनिक अर्ध्या दिवसात हे काम करू शकतात. गस्त पथक प्रत्यक्ष ज्या प्रकारांना सामोरे जाते ते पंधरा-वीसच्या पुढे सहसा जात नाहीत : चोरी, वाहनचोरी, हिसकावणे, मारहाण, छेडछाड, घरगुती भांडण, अपघात, दारू पिऊन गोंधळ, आदेशभंग, आत्मदहनाची धमकी, रात्री संशयास्पद फिरणारा इसम. न्याय संहितेची ३५८ कलमे सगळ्यांना शिकवण्याचा हट्ट धरला, तर महत्त्वाची पंधराही धड कळत नाहीत.

निवडलेल्या प्रकारांचे चार गट पाडा. पहिल्या गटात फक्त क्रमांक बदललेले : खून ३०२ ऐवजी १०३(१), खुनाचा प्रयत्न ३०७ ऐवजी १०९, विनयभंग ३५४ ऐवजी ७४, फसवणूक ४२० ऐवजी ३१८(४), समान इरादा ३४ ऐवजी ३(५). यावर वेळ घालवू नका. दुसऱ्या गटात गुन्हा तोच, पण व्याख्या किंवा शिक्षा बदललेले. तिसऱ्यात अगदी नवे गुन्हे. चौथ्यात वगळलेले. प्रशिक्षणाचा खरा वेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला द्या.

आणखी एक यादी करून भिंतीवर लावा : जे बदललेलेच नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मधली कलमे १२२, १४२ आणि ३७(१)(३) सह १३५, शस्त्र अधिनियमाचे ४/२५, मोटार वाहन अधिनियमाचे १८४ आणि १८५, पोक्सो, ॲट्रॉसिटी, मकोका हे सगळे जसेच्या तसे आहे. गस्तीवरची निम्मी कारवाई याच कायद्यांखाली होते, आणि ‘सगळे कायदे बदलले’ या समजापोटी अंमलदार तिथेही चाचपडतात.

उलट बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या भारतीय दंड संहितेवर (भादंवि) महाराष्ट्राने केलेल्या दुरुस्त्या नव्या संहितेत आपोआप उतरल्या नाहीत. लोकसेवकावरील हल्ल्याच्या जुन्या कलम ३५३ ची शिक्षा राज्याने ५ वर्षांपर्यंत वाढवली होती. संहितेच्या कलम १३२ मध्ये ती २ वर्षांपर्यंत आहे. हल्ल्यात लोकसेवकाला दुखापत झाली असेल तर कलम १२१ पाहावे लागते, म्हणून गणवेशातल्या अंमलदाराला मार लागला असेल तर वैद्यकीय तपासणी टाळू नये.

पायरी २ : तारीख आणि आकड्यांचा गोंधळ पहिल्याच तासात मिटवा

नियम साधा आहे. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर कलम भादंविचे लागते, त्या दिवशी किंवा नंतर घडला असेल तर न्याय संहितेचे. तक्रार आज आली तर गुन्हा नोंदवण्याची पद्धत मात्र नागरिक सुरक्षा संहितेची. म्हणजे एखादी महिला आज येऊन मार्च २०२४ मधला विनयभंग सांगत असेल, तर कलम ३५४ भादंविचे आणि नोंद कलम १७३ खाली. घरगुती छळासारखा प्रकार दोन्ही काळांत पसरलेला असतो. तिथे गस्तीवरच्याने कलम ठरवत बसू नये, पण कोणती घटना कोणत्या महिन्यात घडली हे फिर्यादीला विचारून लिहून आणावे. ‘गेली दोन वर्षे छळ’ एवढ्या ओळीवरून तपासी अंमलदाराला काहीच ठरवता येत नाही.

आकड्यांचा घोळ बिनतारी संदेशावर जास्त होतो. जुने ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध, नवे ३०४ म्हणजे हिसकावणे. जुने ३०७ खुनाचा प्रयत्न, नवे ३०७ चोरीसाठी इजा करण्याची तयारी करून केलेली चोरी. नवे ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या उच्चारांचे आहे. नियंत्रण कक्षाला ‘तीनशे चारचा प्रकार आहे’ असा संदेश गेला तर समोरचा काय समजेल याचा भरवसा नाही. म्हणून संदेशात आधी गुन्ह्याचे नाव सांगायचे, आकडा सांगायचाच असेल तर नंतर. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळायला लावा आणि रोजच्या हजेरीतही तसेच बोला. वरिष्ठ स्वतः ‘एकशे एक्कावन्न करून टाक’ म्हणत राहिले, तर शिपाई नागरिक सुरक्षा संहितेतले प्रतिबंधक अटकेचे नवे कलम १७० कधीच लक्षात ठेवणार नाही. १४४ चा जमावबंदी आदेशही आता त्याच संहितेच्या कलम १६३ खाली निघतो.

पायरी ३ : चोरी आणि हिसकावणे नीट सोडवून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गस्तीवरच्या माणसाच्या चार ओळींवर इथे पुढचे सगळे ठरते.

चोरीची साधी शिक्षा न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये आहे. नवी गोष्ट अशी की मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो प्रकार अदखलपात्र आहे. आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला मात्र किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे. कलम ३०४ मध्ये हिसकावणे हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे : चोरी करण्यासाठी एखाद्याच्या अंगावरून किंवा ताब्यातून अचानक, चपळाईने किंवा जोर लावून वस्तू ओढून घेणे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत आणि दंड, दखलपात्र आणि अजामीनपात्र. कलम ३०५ मध्ये राहत्या घरातली चोरी, प्रवासी किंवा मालवाहू वाहनाची चोरी, त्या वाहनातून वस्तूंची चोरी, प्रार्थनास्थळातल्या मूर्तीची चोरी आणि सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेची चोरी येते. शिक्षा ७ वर्षांपर्यंत.

पाच हजारांची मर्यादा फक्त ३०३(२) ला आहे, ३०४ आणि ३०५ ला नाही. हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. बसस्टॉपवरच्या बाकावर ठेवलेला चार हजारांचा फोन उचलला तर अदखलपात्र. तोच फोन हातातून ओढला तर दखलपात्र. तोच फोन घरातून गेला किंवा एसटीच्या आतून बॅगेसकट गेला, तरीही दखलपात्र. हे न कळल्याने ‘पाच हजारांच्या आत आहे, एन.सी. (अदखलपात्र नोंद) करून घ्या’ असे रस्त्यातच सांगून फिर्यादीला वाटेला लावले जाते.

किंमत कोण ठरवणार, हा पुढचा प्रश्न. गस्तीवरच्याने ठरवायची नाही. मॉडेल, खरेदीचे वर्ष, पावती आहे का, आयएमईआय क्रमांक आणि फिर्यादी सांगतो ती किंमत एवढे त्याच्याच शब्दांत घ्यायचे. गुन्हा टाळण्यासाठी किंमत कमी लिहिणे हा सरळ कर्तव्यात कसूर आहे, आणि वरिष्ठांच्या पाहणीत तो ओळखू येतो : एकाच ठाण्यात ४,५०० ते ४,९०० किमतीचे फोन महिन्याला दहा चोरीला गेले, तर कोणालाही शंका येईल.

आता हिसकावणे आणि जबरी चोरी यातला फरक. पूर्वी हिसकावण्याला वेगळे कलम नव्हते, म्हणून साखळीचोरी बहुतेक वेळा भादंविच्या ३९२ (जबरी चोरी) खाली जायची. आता ३०४ उपलब्ध आहे म्हणून प्रत्येक साखळीचोरी तिथेच टाकली, तर उलटी चूक होते. कलम ३०९(४) ची जबरी चोरी १० वर्षांपर्यंतची आहे, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महामार्गावर झाली तर १४ वर्षांपर्यंतची. तीत दुखापत केली असेल तर ३०९(६). चोरी करताना किंवा माल घेऊन पळताना आरोपीने जाणूनबुजून दुखापत केली, अडवून धरले किंवा लगेच इजा होईल अशी भीती घातली, तर ती जबरी चोरी.

वर्गात दोन नोंदी शेजारी-शेजारी लिहा. पहिली : ‘महिलेचा मोबाईल चोरीस गेला, अंदाजे किंमत ६,०००.’ दुसरी : ‘फिर्यादी स्टॉपवर उभी राहून फोनवर बोलत होती. मागून मोटारसायकलवर दोघे आले. मागे बसलेल्याने तिच्या उजव्या हातातला फोन ओढला. तिने सोडला नाही तेव्हा त्याने तिच्या मनगटावर मारले, मग फोन सुटला. मनगट सुजले आहे.’ पहिल्या नोंदीवरून ३०३(२) च्या पुढे जाताच येत नाही. दुसरीत हिसकावणे आहे आणि जबरी चोरीची खूण आहे. ओढताना नख लागून खरचटले की मुद्दाम मारले, हा एकच प्रश्न फिर्यादीला विचारायला शिकवले तरी प्रशिक्षणाचा मोठा भाग साधला. प्रश्न विचारताना उत्तर सुचवायचे मात्र नाही. ‘मारलं का?’ ऐवजी ‘फोन हातातून सुटला कसा, ते सांगा’ असे विचारायचे.

टोळीने केलेल्या छोट्या चोऱ्या, खिसेकापू, दुकानातून माल उचलणे, कार्डची माहिती चोरून पैसे काढणे, तिकिटांचा काळाबाजार, प्रश्नपत्रिका विकणे यांसाठी कलम ११२ नवीन आहे, १ ते ७ वर्षे. ते लावायचे की नाही हे गस्तीवरून ठरत नाही. तिथून हवी असते ती माहिती : किती जण होते, कोणी लक्ष विचलित केले, माल कोणाकडे सरकवला, वाहन कोणाचे. यात्रेत किंवा विसर्जन मिरवणुकीत लहान मुलाला चोरी करताना पकडले, तर त्याला बेडी नाही, कोठडी नाही. त्याला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचे. आणि त्याला पाठवणाऱ्या मोठ्या माणसाचा शोध तिथेच सुरू करायचा, कारण मुलाला गुन्ह्यासाठी वापरणे हा कलम ९५ खाली ३ ते १० वर्षांचा स्वतंत्र गुन्हा आहे.

पायरी ४ : बाकीचे प्रकार, गरजेइतके

मारहाण. साधी दुखापत ११५(२), अदखलपात्र. हत्याराने केलेली ११८(१). गंभीर दुखापत ११७(२). गंभीर दुखापतीच्या व्याख्येत पूर्वी २० दिवसांचा निकष होता, तो कलम ११६ मध्ये १५ दिवस झाला आहे. म्हणून ‘किरकोळ मार’ असे स्वतःचे मत लिहू नये. कुठे लागले, कशाने लागले, हाड दुखते का, दवाखान्यात पाठवले का, एवढेच लिहावे.

जमाव. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तशाच कारणावरून खून केला तर १०३(२), गंभीर दुखापत केली तर ११७(४). धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार केले. असा कॉल आज आला तर आधी माणसे वाचवायची आणि कुमक मागवायची, यात शंका नाही. पण त्याबरोबर जमाव काय ओरडत होता, कोणती अफवा फिरत होती, संदेश कोणाच्या फोनवर आला, हे जसेच्या तसे टिपायला शिकवा. मारण्याचे कारण सिद्ध झाल्याशिवाय १०३(२) टिकत नाही, आणि ते शब्द पहिल्या पोचलेल्या अंमलदाराच्या कानावरच पडलेले असतात.

महिलांवरील गुन्हे. कलम ७४ ते ७९ मध्ये क्रमांक बदलले आहेत, आणि ७६ व ७७ मध्ये आरोपी पुरुषच असला पाहिजे ही अट गेली आहे. गस्तीवरच्याने पीडितेचा सविस्तर जबाब घ्यायचा नाही, तो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. सुरक्षितता, उपचार, आरोपीचे वर्णन आणि पळण्याची दिशा एवढ्यावर थांबायचे. लग्नाचे खोटे वचन देऊन ठेवलेल्या संबंधांसाठी कलम ६९ नवीन आहे. तो निर्णय पूर्णपणे ठाण्यात होऊ द्या, रस्त्यावर ‘हे तुमचं खासगी आहे’ असा शेरा मारू नये.

अपघात. हयगयीने मृत्यू १०६(१), शिक्षा २ वरून ५ वर्षांपर्यंत गेली. पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षे सांगणारे १०६(२) १ जुलै २०२४ च्या अंमलबजावणीतून वगळण्यात आले. त्यामुळे चालकाला ‘आता दहा वर्षं जाशील’ असे धमकावणे चूक आहे, आणि नोंदीत ते कलम लिहिणे त्याहून मोठी चूक. बेदरकार चालवणे २८१, त्यातून इजा १२५ चे उपखंड. जखमीला मदत न करता पळाल्यास मोटार वाहन अधिनियमाचे १३४ आहेच.

आत्महत्येचा प्रयत्न. जुने कलम ३०९ वगळले. साध्या प्रयत्नात माणसाला दवाखान्यात न्यायचे, आरोपी म्हणून वागवायचे नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चा रोखही तोच आहे. मात्र लोकसेवकाला त्याच्या कायदेशीर कामापासून रोखण्यासाठी किंवा काही करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न कलम २२६ खाली येतो. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर अंगावर रॉकेल ओतून घेणाऱ्याची मागणी काय होती आणि कोणाकडे होती, हे म्हणूनच लिहायचे. आधी कॅन काढून घ्या, ओले घोंगडे आणि रुग्णवाहिका मागवा. कलमाला घाई नाही.

दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन ३५५, त्यातही सामुदायिक सेवेची तरतूद आली आहे. आदेशभंग २२३. याची दखल न्यायालय संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय घेऊ शकत नाही, तेव्हा कारवाईचा अहवाल त्याच रात्री पूर्ण व्हायला हवा.

पायरी ५ : ताब्यात घेण्याचा सराव

हा भाग खुर्चीत बसून शिकवू नका. दोन अंमलदारांना आरोपी करा, दोघांना गस्त पथक, आणि प्रत्यक्ष करून घ्या.

या पायरीतली कलमे नागरिक सुरक्षा संहितेची आहेत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. कलम ३५(१) मधली कारणे असतील तर अटक, नाहीतर ३५(३) ची नोटीस. नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. आरोपी ६० वर्षांपेक्षा मोठा किंवा दुर्बल असेल आणि गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. इथे एक बारकावा : हिसकावण्याला ‘३ वर्षांपर्यंत’ शिक्षा आहे, म्हणून तो ‘तीन वर्षांपेक्षा कमी’ मध्ये येत नाही. साधी दुखापत येते.

बेडीसाठी कलम ४३(३) वाचून दाखवा. सराईत, पूर्वी कोठडीतून पळालेला, किंवा संघटित गुन्हा, दहशतवादी कृत्य, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्रे, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, बनावट नोटा, मानवी तस्करी, मुलांवरील लैंगिक गुन्हे, राज्याविरुद्धचे गुन्हे, अशा यादीतला आरोपी असेल तर गुन्ह्याचे स्वरूप पाहून बेडी वापरता येते. मोबाईल हिसकावणारा पहिल्यांदाच सापडला असेल तर तो या यादीत नाही. बेडी लावलीच तर कारण डायरीत त्याच वेळी लिहायचे.

महिलेला सूर्यास्तानंतर अटक करायची तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी. अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. तत्काळ देणे शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती दिलेली असली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हटले आहे. गस्तीवरच्याला यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात : पकडल्याची नेमकी वेळ लिहिणे आणि आरोपीची भाषा विचारून ठेवणे. नागरिकांनी पकडून ठेवलेला चोर त्यांनी सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचा असतो. त्यांनी तो किती वाजता पकडला आणि आपल्याकडे किती वाजता आला, अशा दोन्ही वेळा हव्यात.

प्रतिबंधक कारवाईत पोलिसांच्या कायदेशीर सूचना न ऐकणाऱ्याला हटवण्याचा किंवा ताब्यात ठेवण्याचा अधिकार कलम १७२ ने दिला आहे, किरकोळ बाबतीत २४ तासांच्या आत सोडायचे. या कलमाचा आधार घेऊन कोणालाही उचलण्याची सवय लागू नये, म्हणून ‘कोणती सूचना दिली, कोणत्या शब्दांत, तो काय म्हणाला’ या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय त्याचा वापर मान्य करू नका.

‘आमची हद्द नाही’ हे वाक्य गस्तीवरून कायमचे जायला हवे. कलम १७३(१) प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी माहिती घ्यावीच लागते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून तक्रार दिली असेल तर फिर्यादीने तीन दिवसांत सही करायची, हे त्याला सांगणेही पथकाचे काम. तीन ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यात १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, पण ती प्रभारी अधिकाऱ्याने उपअधीक्षकांच्या परवानगीने. बीट मार्शलने स्वतःच ‘चौकशी करून कळवतो’ म्हणणे यात बसत नाही. साक्षीदार महिला असेल, १५ वर्षांखालील मुलगा असेल, ६० वर्षांवरील, अपंग किंवा गंभीर आजारी असेल, तर तिला किंवा त्याला ठाण्यात बोलावायचे नाही, जबाब घरी घ्यायचा.

पायरी ६ : चित्रीकरणाची तालीम

झडती आणि जप्तीचे चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केले. त्यात मुद्देमालाची यादी तयार करणे आणि साक्षीदारांच्या सह्याही येतात, आणि ते चित्रीकरण विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचे असते.

तालमीसाठी खिशात चाकू ठेवलेला ‘संशयित’ उभा करा. चित्रीकरण करणारा आधी तारीख, वेळ, ठिकाण, स्वतःचे नाव आणि पंचांची ओळख बोलतो. मग झडती घेणारा स्वतःची झडती देण्याची तयारी दाखवतो, रिकामे हात कॅमेऱ्यासमोर धरतो. चाकू खिशातून निघताना दिसला पाहिजे. जमिनीवर ठेवलेल्या चाकूपासून सुरुवात केली तर बचाव पक्षाचा पहिला प्रश्न तोच असतो. पट्टीने पात्याची लांबी मोजणे, पाकिटात घालणे, सील, लेबल, सह्या, हे सगळे एका सलग फ्रेममध्ये.

नेहमी चुकते ते असे : कॅमेरा उभा-आडवा फिरवत राहणे, पंचांचे चेहरे न येणे, मागून कोणीतरी शिवी देणे, मध्येच फोन येऊन चित्रीकरण तुटणे. फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकला तर शेवटची अडचण टळते, पण दुसऱ्याचा फोन संपर्कासाठी चालू ठेवा. चित्रीकरण तुटलेच तर पुन्हा सुरू करताना का तुटले आणि किती वाजता, हे बोलून नोंदवायचे. दोन तुकडे जोडून एक करायचे नाहीत.

ई-साक्ष्य ॲप (पुराव्याचे चित्रीकरण करून साठवण्याचे सरकारी ॲप) वापरात असेल तर चित्रीकरण त्यातूनच. ॲपशिवाय केले असेल तर मूळ फाईल असलेला फोन किंवा कार्ड ठाण्यात जमा करा, फाईलचे हॅश मूल्य (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा संगणकीय ठसा) काढा आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र भाग अ आणि भाग ब सह तयार करा. प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक नोंद पुढे टिकत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बी बाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात हेच सांगितले होते, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातलेच. फाईल ठाण्याच्या ग्रुपवर टाकणे पूर्ण बंद करा. व्हॉट्सॲपवर गेलेली प्रत आकसते, तिचा हॅश बदलतो, आणि पीडितेची ओळख बाहेर जाण्याचा धोका वेगळाच.

पायरी ७ : वेळापत्रक, खिशातले कार्ड, चाचणी

एका दिवसात आठ तास कोंबण्यापेक्षा दोन-दोन तासांची तीन सत्रे घ्या, मधे आठवडाभर अंतर ठेवून. एका तुकडीत वीसपेक्षा जास्त जण नकोत, नाहीतर सराव होत नाही. पहिले सत्र चोरी ते जबरी चोरी, दुसरे इतर गुन्हे आणि अटक, तिसरे चित्रीकरण. दुसऱ्या सत्राला सहायक सरकारी अभियोक्त्यांना बोलवा. कोर्टात नोंद कुठे मोडते, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर अंमलदार जास्त गंभीरपणे घेतात. रात्रपाळीची तुकडी नेहमी वगळली जाते आणि खरी गस्त तीच करते, म्हणून तिचे सत्र आधी लावा. उरलेले रोजच्या हजेरीत : एक प्रसंग, दोन प्रश्न, दहा मिनिटे.

कार्ड खिशात मावेल एवढे, दोन्ही बाजूंनी छापलेले. पुढे पाच प्रश्न : कधी घडले? माल कुठून आणि कसा गेला? दुखापत मुद्दाम केली का? आरोपीचे वय आणि प्रकृती? चित्रीकरण सुरू केले का? मागे ठाण्याने निवडलेले पंधरा प्रकार, नव्या कलमासह, आणि प्रत्येकापुढे ‘द’ किंवा ‘अद’. जुने कलम छापू नका, डोळा तिकडेच जातो. सविस्तर पाहायचे असेल त्यांच्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचे (एनसीआरबी) ‘संकलन’ ॲप आहे.

चाचणी प्रसंगांवर घ्या, पाठांतरावर नको. दहा छोटे प्रसंग, वीस मिनिटे. ‘सायंकाळी सात वाजता ६४ वर्षांच्या माणसाने शेजाऱ्याला थोबाडीत मारली, काय कराल?’ असे. दहापैकी आठ बरोबर यायला हवेत, आणि अटक व चित्रीकरणाच्या प्रश्नांत एकही चूक नको. नापास झालेल्याला पुढच्या तुकडीत बसवा, वर्गात त्याचे नाव घेऊ नका.

सहा आठवड्यांनी गस्तीवरून आलेले वीस प्राथमिक अहवाल काढा. त्यांत घटनेची तारीख-वेळ, वस्तू कशी गेली याचे वर्णन, फिर्यादीचे शब्द, किमतीचा आधार, पकडल्याची वेळ आणि चित्रीकरणाचा उल्लेख आहे का ते पाहा. रिमांडच्या आदेशात न्यायालयाने काही ताशेरे मारले असतील तर तेही जोडा. जी त्रुटी तीनपेक्षा जास्त अहवालांत दिसेल, ती पुढच्या आठवड्याच्या हजेरीचा विषय. कायद्यात दुरुस्ती किंवा अधिसूचना आली की कार्ड नवे छापा, त्यावर छपाईची तारीख टाका, आणि नवे देताना जुने कार्ड परत घ्या.